पिशाच्चांचं पॅनेल

रक्त पिणाऱ्या पिशाच्चांना पोटच्या पोरांसारखं सांभाळणारा माणूस अख्ख्या शिरूर तालुक्यात आमच्या थोरल्या साडूंशिवाय दुसरा सापडणार नाही, आणि ती सांभाळून दर रविवारी इतक्या नेमानं हरणारा तर पुणे जिल्ह्यातही मिळायचा नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, हे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते मला 'पाव्हणं' म्हणतात. न्हावऱ्याला त्यांचा ऊस आहे, कांदा आहे, गोठाभर गाई आहेत. पांढरा नेहरू शर्ट, पांढरी टोपी, खिशाला पेन आणि तोंडात अखंड 'बसा की' हे दोन शब्द, असा हा माणूस. अशा माणसाच्या मांडीवर सुळे दाखवणाऱ्या, काळे झगे घातलेल्या विलायती व्हॅम्पायरांचा गठ्ठा पाहिला की नवख्याला वाटायचं, घरात कुणाला तरी बाहेरचं लागलंय आणि हे उतारा काढायला बसलेत.

या सगळ्याला मीच कारणीभूत. मी तेव्हा रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या क्वालिटी खात्यात होतो. एक सहकारी नोकरी सोडून परदेशी गेला आणि जाताना पत्त्यांचा एक भला मोठा खोका माझ्या टेबलावर ठेवून गेला. खेळ असा, की प्रत्येकाकडे व्हॅम्पायरांची एक टोळी आणि डावपेचांची कार्डं. ही कार्डं पाकिटांतून विकत घेत, साठवत जायची, त्यांतली निवडक घेऊन आपला डेक, म्हणजे खेळायचा गठ्ठा, घरून बांधून आणायचा. खेळ सुरू होताना प्रत्येकाला रक्ताचे काही थेंब मिळतात. तेच भांडवल आणि तोच जीव. झोपलेला व्हॅम्पायर उठवायचा तर आपल्याच थेंबांतले थेंब खर्चायचे. सगळ्यांनी गोल करून बसायचं, डावीकडच्याचं रक्त प्यायचं, उजवीकडचा आपलं पितो त्याला तोंड द्यायचं. थेंब संपले की उठायचं. शिवाय मधूनमधून व्हॅम्पायरांची सभा भरते, ठराव येतात, आणि मानाच्या व्हॅम्पायरांना तिथे मतं असतात. एका रविवारी जेवणं झाल्यावर मी गंमत म्हणून हे सगळं दाजींना समजावून सांगत होतो. त्यांनी सुपारी कातरणं थांबवलं, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "म्हंजी ही आपली सोसायटीच की वो, पाव्हणं. फकस्त दात दाखवून."

दाजींचा अधिकार तुम्हाला सांगायला हवा. गावात विकास सोसायटीची निवडणूक लागली की पॅनेल बांधायचं ते दाजींनीच, असा न्हावऱ्यात वर्षानुवर्षांचा रिवाज. ते स्वतः कधी उभे राहिले नाहीत. पण कुठल्या भावकीला किती जागा, कोणत्या वस्तीवरचा माणूस घेतला नाही तर ती वस्ती कशी फिरेल, धनगरवाड्यातून कुणाला घ्यायचं, महिलांच्या जागेला कुणाच्या सुनेचं नाव घालायचं, हे सगळं त्यांच्या डोक्यात. त्यांच्या पॅनेलमध्ये हुशार माणसं असतीलच असं नाही, पण गावातला प्रत्येक उंबरा त्यात असायचा. आणि दाजींनी नेमकं हेच शहाणपण घेऊन व्हॅम्पायरांचा डेक बांधायला घेतला.

आता डेक बांधायचं शास्त्र याच्या बरोब्बर उलटं आहे. मी क्वालिटीवाला माणूस, नको ते काढून टाकण्याचा मला पगार मिळायचा, त्यामुळे हे शास्त्र मला चटकन पटलं होतं. व्हॅम्पायरांची वेगवेगळी कुळं असतात, आणि प्रत्येक कुळाची विद्या निराळी. कुणी भुरळ घालतं, कुणी अदृश्य होतं, कुणी नुसतं बुकलतं. शहाण्यानं एकाच कुळाची माणसं घ्यावीत, म्हणजे हातात येईल ते कार्ड टोळीतल्या कुणालाही वापरता येतं. कामाचं कार्ड एकाच्या जागी चार-चार ठेवावं. डेक जितका बारीक तितका चांगला, कारण मग हवं ते कार्ड हवं तेव्हा हाती येतं. मी दाजींपुढे बसून तळमळीनं हे सांगायचो. ते माना डोलवायचे, अक्कांना चहा टाकायला सांगायचे आणि पुढच्या रविवारी प्रत्येक कुळातला एकेक व्हॅम्पायर घेऊन यायचे.

"दाजी, असं नाही चालत. एकच कूळ घ्या."

"मग बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

"अहो, कागदावरची चित्रं आहेत ती!"

"चित्रं असली म्हनून काय झालं? आल्यात ना आपल्या दारात?" असं म्हणून ते गठ्ठा पिसायला घ्यायचे. तो गठ्ठा एका पंज्यात मावत नसे. दाजी त्याचे दोन ढीग करायचे आणि कांदा चाळायला बसल्यासारखे वरचे खाली, खालचे वर करत राहायचे. कांद्यावरून आठवलं. एकदा मी वैतागून म्हणालो, की तुमच्या डेकमध्ये निम्मी तरी भरताड आहे. त्यावर त्यांनी मला शेडमध्ये नेलं. तिथे निवडलेल्या कांद्याशेजारी गोल्टीचा, म्हणजे अगदी बारक्या कांद्याचा, वेगळा ढीग होता. तो दाखवून म्हणाले, "गोल्टीला बी गिऱ्हाईक असतं, पाव्हणं. हाटेलवाले तीच मागत्यात." आम्ही परत आलो आणि दाजी पहिल्या फेरीतच हरले.

अक्कांचं मत सुरुवातीला फार वाईट होतं. पत्ते म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे पाराखालचे जुगारी यायचे, आणि त्यात ही चित्रं. देव्हाऱ्याच्या बाजूला पाठ करून बसायचं, पोरीबाळी आल्या की कार्डं पालथी घालायची, असे नियम त्यांनी आम्हाला घालून दिले. "घरात रगात पिनाऱ्यांचे फोटू कशाला?" या त्यांच्या प्रश्नाला दाजींनी गोठ्यातल्या माणसाला शोभेल असं उत्तर दिलं होतं. "अगं, गोचिडाचं खानदान समज. गाईला काय होतंय का त्यानं? जरा खाजवती, झालं." मग अक्कांनी व्हॅम्पायरांचा विषय सोडला. पुढे पुढे तर चहाचा ट्रे ठेवताना त्या वाकून दाजींचे पत्ते बघायच्या आणि मला डोळ्यांनीच खूण करायच्या, की काही खरं नाही.

रक्ताचे थेंब म्हणून खोक्यात लाल मणी असायला हवे होते, पण ते मूळ मालकानंच कुठेतरी हरवलेले. पहिल्या रविवारी अक्कांनी वाटीभर डाळिंबाचे दाणे दिले. दिसायला फार झकास होतं ते. फक्त दाजींना विचार करताना तोंडात काहीतरी टाकायची सवय. समोरचा चाल करेपर्यंत ते आपलं निम्मं भांडवल खाऊन बसायचे, आणि मग "थेंब कुठं गेले?" असं प्रामाणिकपणे विचारायचे. पुढच्या वेळी शेंगदाणे आणले, तर ते सगळ्यांचेच संपले. शेवटी अक्कांनी चिंचोक्यांचा डबा काढून दिला. तेही दाजींनी एकदा भाजून आणले होते, पण ते तेवढ्यावरच थांबवण्यात आम्हाला यश आलं.

या खेळाला चार माणसं तरी लागतात. ती दाजींनीच जमवली. वडगाव रासाईचे जनावरांचे डॉक्टर त्यांच्या गाई बघायला यायचे, त्यांना धरलं. डॉक्टरांचे मेहुणे दौंडला मालगाडीचे गार्ड, ते ओघानं आले. बैठक घरातून गोठ्यात हलली, आणि तिथे पत्र्याखाली, भर दुपारी, लख्ख उन्हात आमचे व्हॅम्पायर बसायचे. शेजारी गाई रवंथ करायच्या. गार्डसाहेब आपली पाळी संपली की "लाइन क्लियर" म्हणायचे आणि डॉक्टर प्रत्येक नवा व्हॅम्पायर उठला की त्याचे दात बघून वय सांगायचे.

दाजींची खेळण्याची रीतही वेगळी होती. झोपलेल्या टोळीतले एक-दोघंच उठवावेत, बाकीचे झोपू द्यावेत, म्हणजे थेंब वाचतात. पण दाजींना एकाला उठवून दुसऱ्याला झोपवून ठेवणं जमेना. "ह्याला मान आन् त्याला न्हाई, असं कसं?" म्हणत ते झाडून सगळ्यांना उठवायचे आणि स्वतः कंगाल व्हायचे. डावीकडच्यावर हल्ला करायचा तर "मागल्या टायमाला बिचारे लवकर उठले हुते" म्हणून सोडून द्यायचे. मात्र बोलणी करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. खेळ रंगात आला की ते हळूच म्हणायचे, "पाव्हणं, जरा इकडं या." मग आम्ही वैरणीच्या गंजीमागे जायचो. तिथे ते माझ्या खांद्यावर हात ठेवून शब्द द्यायचे, की पुढच्या सभेत माझी मतं तुमच्या बाजूनं. मी खूश होऊन परत यायचो. थोड्या वेळानं डॉक्टर गंजीमागे जाऊन खूश होऊन परत यायचे. नंतर गार्डसाहेब. तिघांनाही तोच शब्द. त्यांनी तो कधी मोडला मात्र नाही, कारण सभेची वेळ येण्याआधीच ते हरलेले असायचे.

त्या गठ्ठ्यात एक व्हॅम्पायर होता, तो माझ्या डोळ्यांत फार सलायचा. ना मत, ना विद्या. कार्डावर त्याचं कर्तृत्व एवढंच छापलेलं, की मालक आले की हा दार उघडतो. मिशा मात्र भरघोस. एका रविवारी मी पणच केला, की आज हा दार उघडणारा तरी डेकमधून काढायचाच. मी म्हणालो, "दाजी, साधा नियम आहे. ज्याला काढल्यानं कुणाचं काही बिघडत नाही, त्याला आधी काढायचं."

दाजींच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी ते कार्ड माझ्या हातातून घेतलं, गठ्ठ्यात मधोमध सारलं आणि "गाईला पाणी दावून येतो" म्हणून उठून गेले. गाई नुकत्याच पाणी पिऊन बसल्या होत्या.

काय चुकलं ते मला कळेना. मी स्वयंपाकघरात गेलो. अक्का लसूण सोलत होत्या. त्यांनी मला जे सांगितलं ते असं. दाजींचे सख्खे चुलतभाऊ बापू. दाजींच्या बांधाला लागूनच त्यांचं रान. दोघं एका ताटात जेवलेले, एका सायकलवर शिरूरला शाळेत गेलेले. दाजी पॅनेल बांधणार आणि बापू प्रत्येक वेळी त्यात असणार, हे ठरलेलंच. मागे एका निवडणुकीत जागांची ओढाताण फार झाली. कुठलीच भावकी हटेना. शेवटच्या दिवशी एक जागा कमी पडली. मग दाजींनी बापूंचं नाव काढलं.

"मला म्हनले, घरचा हाय, समजून घेईल," अक्का म्हणाल्या. "बाहेरचं कुनी समजून घेत न्हाई, म्हनून घरच्याला काढला. पॅनेल समदं निवडून आलं. गुलाल घिऊन घरी आले तर बापूंचं दार बंद. तवापासून बोलणं न्हाई. भांडण बी न्हाई, शिवी बी न्हाई. नुसतं बोलणं न्हाई."

मग मला बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. दोघांची विहीर सामाईक होती आणि मोटरीच्या पाळ्या लावलेल्या होत्या, त्यामुळे रोज समोरासमोर येणं चुकत नव्हतं. बापू आपल्या कुत्र्याला मोठ्यानं सांगायचे, "मोत्या, पाट फुटलाय म्हनावं, बांध घाला." इकडे दाजी गाईच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "कळलं म्हनावं, घालतो." पाटाचं काम वेळेवर व्हायचं. दाजींची गाय व्याली की खरवसाचं पातेलं बापूंकडे जायचं. भांडं रिकामं परत करायचं नाही या रीतीप्रमाणे त्यात भुईमुगाच्या शेंगा घालून ते परत यायचं. पातेलं घेऊन येणाऱ्या बापूंच्या सूनबाईला दाजी अंगणात उभं राहून विचारायचे, "खाल्ला का गं?" ती म्हणायची, "व्हय, दोनदा मागितला." आणि दाजी त्या दिवशी जरा जास्त जेवायचे. अक्का म्हणाल्या, "आता ह्यांस्नी कुनालाच काढवत न्हाई, पाव्हणं. पत्त्यातलं सुदिक." मी पुन्हा डेकबद्दल बोललो नाही. निदान महिनाभर तरी नाही.

आणि मग तो रविवार आला. आम्ही नुकतेच पत्ते वाटून चिंचोके मोजून घेतले होते. गार्डसाहेबांचा फोन वाजला, दौंडहून गाडी काढायला बोलावणं आलं, आणि ते आपला डेक तसाच पोत्यावर ठेवून मोटरसायकलवर निघून गेले. उरलो तिघं. डॉक्टर म्हणाले, "चौथा पाहिजे." एवढ्यात बांधावरून बापू आले. दाजींपेक्षा अंगानं बारीक, मिशा तेवढ्या भरघोस. ते गोठ्याच्या तोंडाशी थांबले आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "पाव्हणं, त्यांना सांगा, लाईट गेलीय. डीपीवर फ्यूज उडालाय, वायरमन येतोय म्हनला. मोटर लावून ठिवू नका, जळंल."

दाजी सरकीच्या पोत्याकडे बघत म्हणाले, "कळलं म्हनावं."

आज विचार केला तर वाटतं, त्या दिवशी माझ्या जिभेवर कोण बसलं होतं कोण जाणे. मी म्हणालो, "बापू, लाईट येईपर्यंत बसता का? एक माणूस कमी पडतोय."

गोठ्यात गाई सोडल्या तर कुणी हललं नाही. बापूंनी पत्त्यांकडे पाहिलं, पोत्यावरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. "एक मानूस कमी पडतोय व्हय," ते हळू म्हणाले आणि चप्पल काढून बसले. गार्डसाहेबांची जागा दाजींच्या डावीकडे होती. म्हणजे नियमाप्रमाणे दाजींनी ज्याचं रक्त प्यायचं, त्या जागेवर आता बापू बसले होते. दाजींच्या उजवीकडे मी. मी दाजींचं रक्त पिणार. डॉक्टर समोर.

मी बापूंना नियम सांगितले. त्यांना ते अवघड गेले नाहीत. गार्डसाहेबांचा डेक बारीक आणि शिस्तीचा, एका कुळाचा. बापू तो तुरीत पाणी सोडावं तसा सावकाश खेळू लागले. दाजींचं मात्र काही खरं नव्हतं. डावीकडे बघायचंच नाही असं ठरवून त्यांनी खेळ चालवला होता. आपली पाळी आली की एखादा व्हॅम्पायर उठवायचे, चिंचोके इकडचे तिकडे करायचे आणि मला सांगायचे, "पाव्हणं, त्यांना म्हनावं, तुमचा डाव." बापू डाव खेळायचे आणि डॉक्टरांना सांगायचे, "झालं म्हनावं." असं करत करत आम्ही निम्म्याहून पुढे आलो. डॉक्टरांनी माझी बरीच नासाडी केली, मी दाजींची केली, बापूंनी डॉक्टरांची. बापूंना मात्र कुणी हातही लावला नव्हता, पण नवखेपणानं त्यांनी आपले थेंब व्हॅम्पायर उठवण्यातच घालवले आणि सगळ्यांत कमी चिंचोके त्यांच्यापुढे उरले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की दाजींच्या हातात एक कार्ड आहे आणि दाजी ते कधीपासून अंगठ्याखाली दाबून बसलेत. ते कार्ड मी ओळखलं, कारण त्याच्या कोपऱ्यावर डाळिंबाचा डाग होता. सभेचं कार्ड होतं ते. सभा बोलवायची, ठराव मांडायचा, आणि तो पास झाला तर ज्याचे थेंब सगळ्यांत कमी तो पटावरून उठतो. उठवणाऱ्याला त्याचं बक्षीस म्हणून नवे थेंब मिळतात. दाजींना त्या थेंबांची फार गरज होती, कारण माझ्या पुढच्या चालीत ते संपणार हे उघड होतं. आणि गंमत अशी, की ज्या डेकला मी इतके दिवस नावं ठेवली, तो त्या दिवशी पहिल्यांदाच योग्य जागी आला होता. प्रत्येक कुळातला एकेक मानकरी दाजींनी उठवून ठेवला होता, आणि प्रत्येकाला मत होतं. आमच्या तिघांची मिळूनही तेवढी मतं होत नव्हती. ठराव मांडला की पास.

दाजींनी कार्ड काढलं, परत हातात घातलं, परत काढलं. टोपी काढून कपाळ पुसलं. मग त्यांनी मान डावीकडे वळवली.

"बापू," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या नावानं त्यांनी हाक मारली होती. अक्का चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या.

"बापू, तुला काढू का?"

बापू आपल्या पुढ्यातले चिंचोके बोटानं एका ओळीत लावत होते. ते लावून झाले. मग म्हणाले, "आता इचारतोस व्हय?"

दाजींनी कार्ड मांडीवर पालथं ठेवलं.

"तवा इचारलं असतंस तर मीच म्हनलो असतो, काढ. जागा कमी पडत हुती ते मला दिसत नव्हतं का? आंधळा हाय का मी? पर तू आला न्हाईस. फ्लेक्स लागला तवा मी एसटी स्टँडवर उभा राहून त्यात माझा फोटू हुडकत हुतो. एकदा वरनं खाली बघितला, एकदा खालनं वर. शेजारी चहावाला म्हनला, बापू, काय शोधताय? काय सांगू त्याला?"

डॉक्टर उगाचच वासराचे कान तपासू लागले. मला कुठे बघावं ते कळेना, म्हणून मी माझ्या पत्त्यांत तोंड घातलं.

"चुकलं," दाजी म्हणाले. "मला वाटलं, तू घरचा."

"घरच्याला बी सांगायचं असतं," बापू म्हणाले. त्यांनी आपले सगळे चिंचोके ओंजळीत घेतले आणि दाजींच्या ढिगात ओतले. "काढ आता. उगं आडून बसू नगं. पाव्हणं टपलंय तुझ्यावर."

दाजींनी सभा बोलवली. ठराव मांडला. सगळ्या कुळांच्या मानकऱ्यांची मतं एकामागून एक पडली, बापूंनीही आपली मतं स्वतःच्या विरोधात टाकली आणि ठराव एकमतानं पास झाला. अक्कांनी ट्रे खाली ठेवला आणि पदरानं डोळे पुसले. लाईट आली तेव्हा विहिरीवर मोटर लावायची पाळी नक्की कुणाची होती ते मला ठाऊक नाही, पण दोघांतलं कुणीच उठलं नाही. हरलेले बापू सरकून दाजींच्या मागे बसले आणि त्यांच्या खांद्यावरून पत्त्यात बघत "हे टाक, ते नगं" असं सुरू केलं. मध्येच त्यांनी दार उघडणाऱ्या मिशाळ व्हॅम्पायरवर बोट ठेवलं.

"ह्याचं काय काम?"

"दार उघडतो."

"बास?"

"बास."

"ऱ्हाऊ दे मग," बापू म्हणाले.

मी अर्थातच पुढच्याच फेरीत दाजींना हरवलं. एवढं सगळं झालं तरी डेक तो डेकच होता, आणि दोघा भावांच्या सल्ल्यानं तर तो आणखी वाईट खेळला गेला. दाजी हरल्यावर इतके मनापासून हसले, की बांधलेली गाय दचकून उठली.

त्यानंतर काही काळ आम्ही पाचजण खेळत होतो. मग कंपनीनं मला गुजरातच्या प्लँटवर पाठवलं. निघताना मी पत्त्यांचा खोका दाजींकडेच ठेवला. डॉक्टरांची बदली झाली, गार्डसाहेबांना दौंड सोडून दुसरीकडे जावं लागलं. इथे मला तरुण पोरांचा एक क्लब सापडला आहे. शनिवारी एसी हॉलमध्ये आम्ही खेळतो. थेंबांसाठी काचेचे सुंदर लाल मणी आहेत, ते कुणी खात नाही. एकाच कुळाचे, बारीक, घासूनपुसून बांधलेले डेक घेऊन सगळे येतात. मी बऱ्याचदा जिंकतो. जिंकलो की शेजारचा 'गुड गेम' म्हणतो, आणि आम्ही आपापल्या गाड्या काढतो.

मागच्या आठवड्यात मी न्हावऱ्याला फोन केला. दाजींनी उचलला. मागे गाईंचा आवाज होता, आणि कुणीतरी चिंचोके डब्यात टाकत होतं.

"खेळताय काय, दाजी?"

"व्हय की. मी आन् बापू."

"दोघंच? अहो, दोघांत कसा खेळता येईल? डावीकडचाही तोच आणि उजवीकडचाही तोच."

"तेच तर," दाजी म्हणाले. "पितोय बी तोच, पाजतोय बी तोच."

"मग काढता कुणाला?"

"काढायचं कुनाला, पाव्हणं? लाईट आली की उठतो." मग फोनपासून तोंड बाजूला करून त्यांनी मोठ्यानं विचारलं, "बापू, पाव्हणं म्हंत्यात येऊ का? घ्यायचं का त्यांना?" पलीकडून बापूंचं काहीतरी उत्तर आलं, ते मला नीट ऐकू आलं नाही. दाजी हसत म्हणाले, "घ्या म्हनतोय. तुमची जागा हाय तशीच ठिवलीय, माझ्या उजव्या अंगाला."

मी 'येऊ का' असं विचारलंच नव्हतं. पण फोन ठेवल्यावर कळलं, की मला तेच विचारायचं होतं.